रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवसाचं पाणी

झाशी स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्याला लागून एक कडुनिंब होता. त्या कडुनिंबाखाली सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत अंबिकाबाई मोघे थालीपीठ आणि मठ्ठा विकत. विकत म्हणजे गिऱ्हाइकांवर उपकारच करत असं कुणाला वाटलं तर त्यात त्याची चूक नाही. मोठ्याने हाका मारणं नाही, वाट पाहणं नाही. शेगडीवर तवा, तव्यावर थालीपीठ, बाजूला झाकलेलं मठ्ठ्याचं पातेलं आणि मातीच्या कुल्हडांची उतरंड. ज्याला खायचं त्याने ओळीत उभं राहावं. मठ्ठा त्या वरून ओतत, कुल्हडाला पळी लागू देत नसत. धक्काबुक्की करणारा ड्रायव्हर असो की बबीन्याच्या छावणीतला हवालदार, त्याला त्या एकदाच म्हणत, "भैया, पीछे." आणि तो मागे जाई.

बाईंचं घर खंडेराव गेटच्या आत. घराणं जुनं, पेशव्यांच्या वेळी पूजाअर्चा करायला देशावरून आलेलं, आणि तेव्हापासून पूजाअर्चाच करत राहिलेलं. त्यातून एकटे रमाकांत मोघे बाहेर पडले आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटले. ते अचानक वारले तेव्हा मुलगी स्नेहलता आठ वर्षांची होती. थोरले दीर केशवराव म्हणाले, "दोन वेळचं आमच्यात होईल." वाईट मनाने म्हणाले नाहीत. पण दिराच्या पंक्तीला उभ्या जन्माचं ताट मांडायचं बाईंच्या जिवावर आलं. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कडुनिंबाखाली शेगडी पेटवली.

मोघ्यांच्या घरची सून रस्त्यावर तवा मांडून बसते म्हटल्यावर गेटच्या आतल्या चार मराठी घरांत काय झालं असेल ते सांगायला नको. केशवराव दीड वर्ष बोलले नाहीत. बाईंनी त्यांच्यापुढे एकच गोष्ट ठेवली: जे करीन ते सोवळ्यात करीन. पहाटे आंघोळ, ओलेत्याने आडाचं पाणी, ते पाणी चार पदरी पांढऱ्या फडक्यातून गाळून घागरीत, त्या पाण्याचा मठ्ठा, त्या पाण्यात भिजवलेली भाजणी. मधे कुणाचा हात लागायचा नाही, सावली पडली तरी बाई कपाळाला आठ्या घालत. बारा वर्षांत हा क्रम एक दिवस चुकला नाही. सोवळ्याचा एवढा कडक कारभार देवघरातसुद्धा नव्हता, आणि हे केशवरावांना माहीत होतं, म्हणून हळूहळू त्यांचाही आवाज उतरला.

बाईंना या सगळ्याचा अभिमान होता. थोडाथोडका नव्हता. झाशीत आपल्याइतकं स्वच्छ खाणं कुणी देत नाही, असं त्या मनातल्या मनात रोज म्हणत आणि आठवड्यातून दोनदा उघड म्हणत.

म्हणूनच परवान्याची डुग्गी, म्हणजे दवंडी, पिटली गेली तेव्हा सगळा अड्डा घाबरला आणि एकट्या बाई खूश झाल्या. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि रस्त्यावर खाणं विकणाऱ्याने परवाना घेतलाच पाहिजे असा नवा हुकूम निघाला होता. एक एप्रिलपासून ज्याच्या छातीवर नंबराचा पितळी बिल्ला नसेल त्याचं सामान उचललं जाईल. कडुनिंबाच्या पलीकडे रामचरन टिक्की लावायचा. तो हातात छापील कागद घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं.

"काकी, बाँचो तो। का लिखो है? अब तो हमाई दुकान उठी समझो।"

बाईंनी चष्मा लावला आणि अख्ख्या अड्ड्याला ऐकू जाईल असा कागद वाचला. अर्ज. दवाखान्यात जाऊन डॉक्टरची तपासणी. हैजाची, म्हणजे पटकीची, सुई टोचून घेणे. खाण्यावर जाळी. पितळेच्या भांड्यांना कल्हई. नखं कापलेली. पाणी नळाचे, किंवा विहिरीचे असल्यास लाल दवा, म्हणजे जंतू मारणारी पूड, घातलेले. आणि इन्स्पेक्टर येऊन बघेल, मगच बिल्ला.

"यात उठण्यासारखं काय आहे?" त्या मराठीतच म्हणाल्या, मग रामचरनसाठी हिंदीत आल्या. "यह सब तो आदमी को वैसे भी करना चाहिए। तुम्हारे नाखून दिखाओ।"

रामचरनने हात मागे घेतले. बाईंनी पिशवीतून कात्री काढली. त्या आठवड्यात कडुनिंबाखाली थालीपिठांच्या बरोबरीने नखं कापण्याचा कार्यक्रम चालला. शेंगदाणेवाला, बताशेवाला, पेरू विकणारी म्हातारी, सगळ्यांचे अर्ज बाईंनीच लिहिले. कल्हईवाल्याला अड्ड्यावर आणून बसवलं आणि भावात घासाघीसही त्यांनीच केली. सुईला मात्र सगळे बिचकत होते, म्हणून सगळ्यांदेखत पहिली सुई त्यांनी टोचून घेतली. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, कारण कंपाउंडरचा हात लागला होता, आणि मग दोन दिवस तापाने फणफणल्या. तापातही कुणी भेटायला आलं की म्हणायच्या, "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं."

इन्स्पेक्टर आला तो मराठीच निघाला. मधुसूदन पाटणकर. त्याचे वडील भुसावळहून बदली होऊन आलेले गार्ड, वाढला रेल्वे कॉलनीत, त्यामुळे मराठी बोलायला लागला की दर तिसऱ्या शब्दाला हिंदीचा टेकू घ्यायचा. वय तिशीच्या आत, हातात फाइल, खिशात दोन पेनं. दुसऱ्यांचं तपासून झाल्यावर तो एका सकाळी बाईंच्या घरी आला, कारण खाणं जिथे तयार होतं ती जागा बघायचा नियम होता.

उंबऱ्याबाहेरच बाईंनी त्याला थांबवलं. "बूट काढ."

"काकू, ऑन ड्यूटी आहे मी."

"असशील. बूट काढ, पाय धू, हात धू. साबण तिथे आहे. सकाळपासून किती जणांची भांडी चिवडत आलास ते तुलाच ठाऊक. माझ्या भांड्यांना तसाच हात लावणार?"

मधुसूदनने हात धुतले. नखंसुद्धा दाखवली, कारण बाई बघत होत्या. मग तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि त्याला लिहिण्यासारखं काही सापडेना. कल्हई चकचकीत. पिठाचे डबे झाकलेले. चुलीजवळची भिंत कालच सारवलेली. एक माशी नाही. त्याने तीन महिन्यांत झाशीतली दीडेकशे ठिकाणं पाहिली होती, पण असं घर पाहिलं नव्हतं, आणि हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. बाईंनाही ते दिसलं आणि त्यांनी पदर सावरला.

"पाणी कुठलं?" त्याने विचारलं.

"घरच्या आडाचं."

"लाल दवा घालता?"

"आडात? देवाला जातं ते पाणी."

"मग नळाचं घ्या ना, काकू. स्टेशन रोडला आहे नळ."

"नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते," बाई म्हणाल्या. ही गोष्ट एवढ्या मोठ्या माणसाला सांगावी लागते याचंच त्यांना नवल वाटलं. "ते पाणी सोवळ्याला चालत नाही."

मधुसूदनने फाइल चाळली. फॉर्मात चामड्याचा रकाना नव्हता. त्याने आड पाहिला: दगडी बांधणीचा, खोल, वर लाकडी झाकण, काठ धुतलेला. पलीकडे हातभर अंतरावर न्हाणीची मोरी जात होती, पण ती दगडी, वरून फरश्या घातलेली. त्याने पाणी ओंजळीत घेतलं. गार, निवळशंख. तरीही तो घुटमळला.

"नियम आहे, काकू."

"बारा वर्षं या पाण्याचा मठ्ठा पितायत लोक. तुझ्या वडिलांनी प्यायलाय. दिवाकर पाटणकर गार्ड, दिल्लीची गाडी घेऊन आले की दोन कुल्हड. त्यांना विचार कधी पोट दुखलं का."

आता इथे मधुसूदनने काय करायला हवं होतं ते त्यालाही ठाऊक होतं. पण घर बघून त्याचं मन भरून गेलं होतं, आणि बाईंच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती. त्याने पाण्याच्या रकान्यात लिहिलं, "ठीक." बिल्ला एप्रिलच्या पहिल्या तारखेच्या आत कचेरीतून घेऊन जा म्हणाला. जाताना बाईंनी मठ्ठा पुढे केला, तर म्हणाला, ड्यूटीवर कुणाकडचं काही घेत नाही. बाईंना राग आला, पण माणूस पसंत पडला.

त्यानंतर होळी आली. झाशी सगळी होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळते. रेल्वे कॉलनीतल्या मराठी घरांनीही केव्हाच सगळ्यांच्या बरोबरीने तेव्हाच खेळायला सुरुवात केली होती. रंगपंचमी उरली होती ती खंडेराव गेटच्या आतल्या चार घरांत. शेजारीपाजारी हसत, म्हणत, या दख्खनी लोकांची होळी पाच दिवस लेट चालते. यंदा स्नेहलता शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजातून सुट्टीवर आली होती, थोरल्या जाऊबाई सिंधू यांच्या माहेरची माणसं आली होती, आणि कुणीतरी बाजारातून पक्का गुलाबी रंग आणला होता. चिमूटभर रंगाने बादली रंगायची. चारही घरांतली माणसं मोघ्यांच्या अंगणात जमली. दिवेलागणीपर्यंत एकामागून एक सगळे न्हाणीत अंग घासत होते. मोरीतून तास-दोन तास गुलाबी पाणी वाहत होतं. बाईंनी ते पाहिलं, आणि फरश्या नीट धुतल्या.

दुसऱ्या दिवशी बिल्ले मिळायचे होते. बाई नेहमीपेक्षा लवकर उठल्या. आंघोळ केली, आडातून पहिली कळशी काढली, घागरीच्या तोंडावर पांढरं फडकं ताणलं आणि पाणी ओतलं.

फडकं गुलाबी झालं.

गडद नाही. नवीन लुगड्याने पहिल्या धुण्यात सोडावा तेवढाच रंग. पण पांढऱ्या फडक्यावर तो लपण्यासारखा नव्हता. बाईंनी दुसरं फडकं घेतलं, दुसरी कळशी काढली. तोच रंग. त्या आडाच्या काठाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळं लख्ख कळलं. निदान तसं त्यांना वाटलं. लाल दवा. तोंडावर "ठीक" लिहून गेला आणि काल सगळे रंगात असताना कुणाला तरी पाठवून आडात दवा टाकली. देवाच्या पाण्यात, न विचारता.

मग काय विचारता. एका हातात त्या पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ओलं फडकं, आणि बाई निघाल्या त्या थेट आरोग्य खात्याच्या कचेरीत. वाटेत टांगेवाल्याने "काकी, बैठो" म्हटलं तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात ओळ लागली होती. रामचरन होता, बताशेवाला होता, पेरूवाली होती, आणखी वीस-पंचवीस जण होते. टेबलावर पितळी बिल्ले मांडले होते, शेजारी नावांची यादी, आणि पलीकडे मधुसूदन. बाईंना बघून तो हसला आणि त्याने बिल्ला उचलून टेबलाच्या कडेला, त्यांच्या बाजूला ठेवला. नंबर सत्तेचाळीस.

बाईंनी बिल्ल्याशेजारी तांब्या ठेवला. "हे तू केलंस?"

"काय, काकू?"

"आडात दवा घातलीस. माझ्या घरात माणूस पाठवून, मला न विचारता. तोंडावर एक आणि मागे एक? मला स्वच्छ नाही म्हणाला असतास तर चाललं असतं. हे चोरून करणं चालत नाही."

मधुसूदनने तांब्यात डोकावलं, फडकं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं.

"काकू, देवाशप्पथ सांगतो. तुमच्या आडात दवा आम्ही नाही घातली. मी येऊन गेल्यावर तुमच्या गल्लीत कुणी गेलंच नाही. रजिस्टर बघा." त्याने रजिस्टर उघडून पुढे केलं. बाईंनी वाचलं. खरंच कुणी गेलं नव्हतं.

"मग हा रंग कुठून आला?"

मधुसूदनच्या घरी रंग पाच दिवसांपूर्वीच खेळून झाला होता. तो म्हणाला, "कदाचित दवाखान्याची माणसं आली असतील, ते लिहीत नाहीत कधीकधी. चांगलंच झालं की. नियम पुरा झाला. घ्या तुमचा बिल्ला."

बाईंचा हात बिल्ल्याकडे गेला नाही. त्या फडक्याकडे बघत होत्या. लाल दवा त्यांनी एकदा पाहिली होती, जांभळट असते ती. हा रंग तसा नव्हता. हा रंग त्यांनी कालच पाहिला होता. मोरीच्या तोंडाशी उभं राहून, तास-दोन तास.

बारा वर्षं. सावली पडली तरी आठ्या. चार पदरी फडकं. आणि मोरी आडात झिरपत होती. कधीपासून? मागच्या पावसाळ्यात न्हाणीची भिंत खचली तेव्हा केशवरावांनी गवंड्याकडून वरवर डागडुजी करून घेतली होती, तेव्हापासून? की त्याच्याही आधीपासून? अख्ख्या घराच्या अंगाचं, भांड्यांचं, पोरांच्या दुपट्यांचं पाणी. त्यांनी स्वतःच्या हाताने ते लोकांच्या कुल्हडात वरून ओतलं होतं, पळी लागू न देता.

टेबलाच्या कडेला बिल्ला होता. उचलला की झालं असतं. या टेबलाभोवतीच्या एकाही माणसाला रंगपंचमी माहीत नव्हती, आणि ज्याला माहीत असायला हवी होती त्याला आठवत नव्हती. घरी जाऊन गुपचूप मोरी दुरुस्त करता आली असती. उन्हाळा तोंडावर होता, मठ्ठ्याचे हेच चार महिने. स्नेहलताचं ट्रेनिंगचं एक वर्ष राहिलं होतं. बाईंच्या मनात हे सगळं आलं, आलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

"मधुसूदन," त्या म्हणाल्या, "काल आमच्याकडे रंगपंचमी होती."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याचा चेहरा उतरला, कारण "ठीक" हा शब्द त्याच्या अक्षरात होता.

बाई ओळीकडे वळल्या आणि हिंदीत बोलल्या, कारण ऐकणारे सगळे हिंदीवाले होते. "सुनो। हमारे कुएँ में नाली का पानी जा रहा है। आज पता चला। कल सबने रंग छुड़ाया, आज वही रंग कुएँ में निकला। मैं तुम लोगों के नाखून काट रही थी, और मेरा अपना पानी गंदा था।" मग बिल्ला एका बोटाने टेबलाच्या मधल्या बाजूला सरकवला. "हा राहू दे. कागदावर लिहिलंस ते खोड. माझ्या बोलण्यावर विसंबून लिहिलंस, चूक माझी आहे."

रामचरन पुढे येऊन तांब्यात बघू लागला. मधुसूदनने पेन काढलं आणि "ठीक" वर काट मारली. त्या दिवशी त्याने आपल्या वरिष्ठांना स्वतःहून लेखी कळवलं की पाणी न तपासता शेरा दिला होता. पण ती त्याची गोष्ट.

बाई घरी आल्या तेव्हा केशवराव सोवळं नेसून आडावर दोर सोडत होते. पूजेची वेळ झाली होती. बाईंनी सगळं सांगितलं. केशवराव आधी ऐकेनात, मग संतापले.

"चारचौघांत बोललीस? मोघ्यांचा आड घाण आहे म्हणून? पेशव्यांच्या वेळचा आड आहे हा. घराची अब्रू कचेरीच्या टेबलावर मांडून आलीस?"

"भावोजी, तांब्या मांडला. त्यात काय आहे ते सगळ्यांना दिसलं." बाईंनी तांब्या आडाच्या काठावर ठेवला. "तुम्हाला देवाला मोरीचं पाणी घालायचं असेल तर घाला. मी हात धरणार नाही. पण मला आता माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे."

केशवरावांनी दोर गुंडाळला, झाकण आडावर ओढलं आणि त्या दिवशी देवाला शेजारच्या गल्लीतल्या पाण्याने आंघोळ घातली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. फरश्या उचलल्या तर खाली दोन दगडांच्या मधे हाताचा पंजा जाईल एवढी फट निघाली, आणि फटीपासून आडाच्या बांधापर्यंत माती काळी पडून भुसभुशीत झालेली. केशवराव वाकून बघत होते. ही फट त्यांच्याच डागडुजीच्या खाली होती. त्यांनी गवंड्याला सांगितलं, सगळी मोरी काढ, आडापासून लांब, भिंतीच्या पलीकडून ने. खर्चाचं विचारू नकोस. आड उपसला. मग लाल दवा आणली, ती बाईंनी स्वतःच्या हाताने कालवून आत ओतली. पाणी पुन्हा रंगलं, आणि या वेळी त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

पण सगळ्यात अवघड काम त्या आधीच करून बसल्या होत्या. मोरी खोदायला घेतली त्याच सकाळी बाई शेगडी न घेता अड्ड्यावर गेल्या. कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या आणि जे ओळखीचं गिऱ्हाईक येई त्याला सांगू लागल्या: मठ्ठ्यातलं पाणी घाण होतं, मला माहीत नव्हतं, तुला काही त्रास झाला का? आठ दिवस हे चाललं. गाड्यांच्या वेळा बघून जायच्या, म्हणजे ड्रायव्हर, गार्ड, फायरमन सगळे सापडत. लोक हसण्यावारी नेत. एक म्हातारा टांगेवाला टांग्याच्या धक्क्यांवर खापर फोडत म्हणाला, "काकी, हमाओ पेट तो टाँगे के हचकन सें खराब होत, तुमाए मठा सें नईं।" दिवाकर पाटणकर तर रागावलेच, म्हणाले, मठ्ठा नाही म्हणून दिल्लीची गाडी जड चालते आहे. पण एका फायरमनने सांगितलं की माघात त्याला आठवडाभर जुलाब झाले होते. आणि बबीन्याचा एक शिपाई रोज येणारा, तो फेब्रुवारीपासून आला नव्हता. त्याची बदली झाली असेल असं सगळे म्हणाले. बाईंनी छावणीत चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही. त्या शिपायाचा विचार त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही. एखाद्या दुपारी तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं की समजावं, बाईंना तो आठवला.

मेच्या मध्यावर कडुनिंबाखाली शेगडी पुन्हा पेटली. पाणी आता स्टेशन रोडच्या नळाचं. बाईंनी तोटीतल्या चामड्याच्या चकतीवर फार विचार केला आणि शेवटी असं ठरवलं की पाणी खळखळून उकळलं, वर गंगेचं नाव घेतलं, की पुढचं गंगेने बघावं. मठ्ठ्याला पाणी आदल्या दिवशी उकळून निवत ठेवायचं, म्हणजे काम वाढलं, पण काम वाढल्याची तक्रार त्यांनी कुणाकडे केली नाही. मधुसूदन परत तपासायला आला, बूट न सांगता काढले, फॉर्म भरला. बिल्ला नंबर सत्तेचाळीस त्याने जपून ठेवला होता. बाईंनी तो पदराला लावला. त्या उन्हाळ्यात बाईंचा धंदा अर्धाच झाला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो पुन्हा पहिल्यासारखा झाला, आणि स्नेहलता ट्रेनिंग पुरं करून टहरौलीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली.

पुढच्या वर्षी परवान्यांचं नूतनीकरण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होतं. त्याआधीच रंगपंचमी झाली. यंदा मोघ्यांच्या घरी रंग खेळायला फारसं कुणी नव्हतं, तरी बाईंनी पक्का गुलाबी रंग आणवला, बादलीभर कालवला आणि सगळ्या घरादेखत नव्या मोरीत ओतला. केशवराव शेजारी उभे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली कळशी त्यांनीच काढली. फडकं पांढरंच राहिलं. बाई आता आडाचं पाणी दुकानाला वापरत नव्हत्या, पण घरात तर वापरत होत्या, आणि तपासायचं ते तपासायचं.

नूतनीकरणाच्या दिवशी तेच फडकं आणि तांब्याभर पाणी घेऊन त्या कचेरीत गेल्या. कुणी मागितलं नव्हतं. पण गेल्या वर्षी याच टेबलावर आपण घाण पाणी ठेवलं होतं, तेव्हा स्वच्छ पाणीही इथेच दाखवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

व्हरांड्यात त्या पोचल्या आणि थांबल्या. ओळीत सगळ्यांत पुढे रामचरन उभा होता. नखं कापलेली. हातात पितळेचा लोटा, त्याच्या तोंडावर पांढऱ्या धोतराचा तुकडा बांधलेला. त्याच्यामागे बताशेवाला, त्याच्याकडे काचेची बाटली. पेरूवाली म्हातारी मडकं घेऊन आली होती, तिच्या धंद्यात तर पाणी लागतसुद्धा नव्हतं. ओळीत तीस-पस्तीस माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी होतं, आणि वर पांढरं फडकं.

"जो का है, रामचरन?" बाईंनी विचारलं.

"होली को रंग बचो हतो, काकी," रामचरन म्हणाला. "पाँच दिना बाद हम सबन ने भी नाली में डार दओ।"

टेबलामागे मधुसूदन उभा राहून सगळी ओळ बघत होता. उरलेला रंग मोरीत ओतून दुसऱ्या दिवशी पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळून बघायचं, हे नियमांच्या कागदात कुठेच नव्हतं. डोळ्यांतलं पाणी बाईंनी पुसलं नाही, कारण एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात फडकं. रामचरनने बाजूला सरून त्यांना पुढे यायची खूण केली. त्यांनी मान हलवली, मागे गेल्या आणि ओळीच्या शेवटी उभ्या राहिल्या.